मनातला हातचा



मुलांना बेरीज शिकवताना गुरुजी सांगतात, ‘आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.’ हा हातचा उत्तरात मांडावयाचा नसतो. तो मनात धरून पुढच्या घराकडे जावयाचे असते. तेथील आकडे मिळवून होईपर्यंत तो निसटला, की ज्याचे सगळे पाढे मुखोद्गत आहेत त्याचेही उत्तर चुकते. बेरीज येत नाही म्हणून नव्हे, तर हातचा राहिला नाही म्हणून.

आपला नित्याचा व्यवहार अशा किती हातच्यांवर चालतो याची आपल्याला सहसा कल्पना नसते. लांब वाक्य ऐकताना त्याचा आरंभ मनात धरावा लागतो, नाही तर शेवट निरर्थक वाटतो. दूध तापत ठेवून दार उघडावयास गेलेल्या गृहिणीला पाहुण्याशी बोलतानाही दूध मनात धरावे लागते. मानसशास्त्रज्ञ या शक्तीला कार्यकारी स्मृती म्हणतात. शाळेत पाठ केलेली कविता साठ वर्षांनी आठवते, ती स्मृती निराळी. ही काही क्षणांपुरती, कामापुरती असते. आज मी तिला हातचाच म्हणणार आहे. कारण ज्या विकारासंबंधी मला बोलावयाचे आहे त्यात नेमका हाच निसटतो, आणि मस्तकाला छेद न देता, बाहेरून चुंबकाने किंवा सौम्य विजेने तो पुन्हा धरून देता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

विकाराचे नाव छिन्नमनस्कता. ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव आता घराघरांत ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजांवरून जगात सुमारे तीनशे ते साडेतीनशे माणसांमागे एकाला तो असतो. ऐन उमेदीत, बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास, तो प्रकट होतो. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, सारे जग आपल्यावर टपले आहे असे वाटणे, ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली लक्षणे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन या औषधाचा उपयोग दिसून आला आणि तेव्हापासून ही लक्षणे पुष्कळांच्या बाबतीत आटोक्यात आणता येऊ लागली. ही गोष्ट लहान नव्हे. जी माणसे एरवी आयुष्यभर वेड्यांच्या इस्पितळात राहिली असती, ती घरी परतली.

पण घरी परतल्यावर पुढे काय?

एका तरुणाचे उदाहरण घेऊ. तो कोणी एक नव्हे. अशा अनेकांवरून मी तो बेतला आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, दोन वर्षे आजारी, आता बरा. आवाज थांबले आहेत, संशय मावळला आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. ओळखीने एका छापखान्यात हिशेबनिसाच्या हाताखाली नोकरी लागली. तेथील वडीलधारे गृहस्थ सांगतात, ‘ही बिले फाइलला लावा, त्यांतली थकलेली वेगळी काढा, आणि जेवणाच्या सुट्टीआधी बँकेत जाऊन या.’ तो बिले फाइलला लावतो आणि बसून राहतो. दुसरे काम काय होते? विचारावयाची लाज वाटते. दोनतीनदा असे झाले, की ‘मुलगा चांगला आहे, पण लक्ष नाही,’ असे म्हणून त्याला घरी बसवण्यात येते. घरी आई साखर, कोथिंबीर नि काड्याची पेटी आणावयास सांगते. तो नुसती साखर घेऊन येतो. वडील म्हणतात, ‘आता आजार कसला? हा आळस आहे!’ आणि मुलगाही हळूहळू तसेच मानू लागतो.

तो आळस नव्हे, हे या भाषणातून एखाद्या घरी जरी पोचले तरी मला पुरे आहे.

१८९९ च्या सुमारास एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने या विकाराची जी मांडणी केली तिच्यात आवाजांपेक्षा बुद्धीच्या ऱ्हासावरच भर होता. त्याने दिलेल्या नावाचा अर्थही ‘अकाली आलेला बुद्धिभ्रंश’ असाच होता. ते नाव फार निष्ठुर होते व पुष्कळसे चुकीचेही होते, कारण सर्वच रुग्ण खालावत जात नाहीत. १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने आजचे नाव सुचविले. त्याने नवा घोटाळा झाला. एकाच देहात दोन माणसे राहतात असा लोकांचा समज झाला. चित्रपटांनी तो पोसला. वास्तविक मनाचे दोन तुकडे पडणे असा तेथे अर्थ नाही. विचार, भावना नि कृती यांची एकमेकींशी असलेली वीण उसवणे असा आहे. या साऱ्या गडबडीत क्रेपेलिनची मूळ नोंद बाजूला पडली ती पडलीच. १९९६ साली अमेरिकेतील मायकेल ग्रीन यांनी तोवरची अनेक संशोधने एकत्र पाहून दाखविले, की रुग्ण समाजात कितपत वावरू शकेल, काम शिकू शकेल की नाही, हे त्याच्या भ्रमांवरून फारसे कळत नाही; ते त्याच्या स्मृतीवरून आणि अवधानावरून अधिक कळते. आवाज बंद झाले म्हणजे माणूस कामाला लागेल, ही आपली अपेक्षाच मुळात चुकीच्या जागी ठेवलेली होती.

औषधे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. हाताची थरथर व अंगाचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून मुख्य औषधाबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी पुष्कळदा दिली जाते; ती तर स्मृती आणखी मंद करू शकते. ती अजून लागते काय, असे आपल्या डॉक्टरांना विचारावयास कोणाची हरकत नसावी, मात्र आपणहून बंद करू नये. खास बुद्धीच्या अडचणींसाठी औषध शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. अलीकडचा मोठा प्रयत्न आयक्लेपर्टिन या औषधाचा. त्याच्या तिन्ही मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्याचे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले. अशा वेळी संशोधकांची दृष्टी गोळीकडून चुंबकाकडे आणि विजेकडे वळावी हे स्वाभाविक आहे.

हा हातचा मेंदूत धरला कोठे जातो? १९८९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेला माकडांवरील प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. माकडासमोर पडद्यावर एका बाजूला क्षणभर एक ठिपका चमकावयाचा आणि विझावयाचा. माकडाने काही सेकंद थांबून, खूण होताच, तो जेथे चमकला होता तेथे नजर वळवावयाची. ठिपका दिसत होता तेव्हा डोळ्यांशी संबंधित पेशी चेतणार यात नवल नाही. नवल हे, की ठिपका विझल्यावर, पडदा कोरा असताना, कपाळामागच्या मेंदूतील काही पेशी त्या सबंध प्रतीक्षेत चेतलेल्याच राहत होत्या. खूण होऊन नजर वळली, की त्या शांत होत. समोर नसलेली वस्तू मनात धरून ठेवणे म्हणजे काय, ते तेथे जणू डोळ्यांना दिसले.

या पेशी एकएकट्या काम करीत नाहीत. त्यांच्यात काही पेशी इतरांना आवर घालणाऱ्या असतात, आणि त्यांच्या आवरण्यामुळेच साऱ्या समूहाला ताल येतो. सेकंदाला तीस ते ऐंशी आवर्तने असा तो जलद ताल. मैफिलीत गवई कितीही उंच गेला तरी ठेका धरणारा तबलजी सुटू नये, तसे हे आहे. छिन्नमनस्कतेत या आवर घालणाऱ्या पेशींचे काम उणे पडते असे मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून आणि जिवंतपणी घेतलेल्या विद्युत्-आलेखांवरून दिसते. मग बाहेरून ठेका धरून दिला तर?

येथे थोडे भौतिकशास्त्र. १८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखविले, की बदलत्या चुंबकीय क्षेत्राशेजारी तार ठेवली तर तारेत वीज उत्पन्न होते. मेंदूही विजेचा वाहकच. डोक्याजवळ तांब्याच्या तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणार्धापुरता अतिशय जोराचा प्रवाह सोडला, तर निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत जाते आणि दोन-तीन सेंटीमीटर खोलीवरच्या पेशींत अल्पशी वीज उत्पन्न करते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली हे प्रत्यक्ष करून दाखविले. वेटोळे डोक्याच्या ठरावीक जागी धरले, टक् असा आवाज झाला, आणि समोरच्या माणसाचा हात त्याच्या इच्छेवाचून हलला. चुंबक म्हटला की आपल्याकडे चुंबकाच्या गाद्या आणि कडी विकणारे आठवतात. त्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तेथे चुंबक निश्चल असतो. येथे सारा प्रभाव चुंबकीय क्षेत्र क्षणात उठते नि क्षणात मावळते यामुळे आहे.

दुसरी रीत याहून साधी. मिठाच्या पाण्यात भिजविलेले दोन स्पंजाचे तुकडे डोक्यावर बसवावयाचे आणि त्यांतून बहुधा दोन मिलीॲम्पियर इतका मंद, एकाच दिशेचा प्रवाह सुमारे वीस मिनिटे सोडावयाचा. थोडी चुणचुण होते, एवढेच. हा प्रवाह पेशींना चेतवीत नाही. त्या चेतण्यास किंचित अधिक वा उणे राजी होतात. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी २००० साली ही रीत नव्याने पुढे आणली.

‘शॉक’ या शब्दाने ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांच्यासाठी एक खुलासा. १९३८ साली रोममध्ये सुरू झालेल्या विद्युत्-आघात उपचारात शेकडो मिलीॲम्पियरचा प्रवाह देऊन मुद्दाम झटका आणला जातो. तो उपचारही योग्य रुग्णाला जीवदान देणारा आहे, आणि आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय देता येत नाही. आज मी सांगत असलेल्या दोन्ही रीतींत झटका आणावयाचा नसतो, भूल लागत नाही, रुग्ण खुर्चीत जागा असतो. चुंबकाच्या उपचारात क्वचित् झटका येऊ शकतो, म्हणून अपस्माराचा इतिहास विचारतात. आणि डोक्यात धातूची वस्तू बसविलेली असल्यास तो बहुधा देत नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कॅनडातील टोरोंटो शहरात झालेले दोन प्रयोग मी निवडले आहेत, कारण या विषयातील आशा आणि शिस्त ही दोन्ही त्यांत एकत्र भेटतात.

आधी त्यांनी वापरलेली परीक्षा आपणच देऊन पाहू. मी काही अक्षरे उच्चारतो. जे अक्षर त्याच्या आधीच्या तिसऱ्या अक्षराशी जुळेल तेथे आपण मनात ‘हो’ म्हणावयाचे. ऐका: प, न, स, प, त, स, प. चौथ्या स्थानी ‘प’ आला तेव्हा पहिला ‘प’ तीन घरे मागे होता, म्हणून ‘हो’. पुढचा ‘त’ दुसऱ्या ‘न’शी ताडावयाचा, म्हणून नाही. सहावा ‘स’ पुन्हा ‘हो’, आणि सातवा ‘प’ही ‘हो’. येथे तीन हातचे सतत मनात धरावयाचे, आणि दर अक्षराला त्यांतला जुना सोडून नवा घ्यावयाचा. आपल्यालाही घाम फुटला असेल. त्या तरुणाचे काय होत असेल याची कल्पना करावी.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात सत्तावीस रुग्ण होते. चार आठवडे, कपाळामागच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंवर, सेकंदाला वीस स्पंदने या गतीने चुंबकीय उद्दीपन देण्यात आले. काहींना खरे, काहींना लुटुपुटीचे, म्हणजे टकटक आवाज तसाच, खुर्ची तीच, पण मेंदूपर्यंत परिणामकारक क्षेत्र पोचू न देणारे. कोणाला कोणते, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि परीक्षा घेणाऱ्यालाही नाही. निकाल असा लागला, की खऱ्या उद्दीपनाच्या गटाची या तीन हातच्यांच्या परीक्षेतील कामगिरी निरोगी माणसांच्या बरोबरीला आली!

येथेच थांबून वर्तमानपत्राला बातमी द्यावयाचा मोह कोणालाही व्हावा. टोरोंटोच्या संशोधकांनी तसे न करता त्याहून अवघड गोष्ट केली. त्यांनी आपलाच प्रयोग अधिक मोठ्या संख्येवर, ऐंशीहून अधिक रुग्णांवर, तितक्याच कडकपणे पुन्हा केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या उद्दीपनाचा कार्यकारी स्मृतीवर लुटुपुटीच्या उद्दीपनाहून अधिक परिणाम आढळला नाही.

आपलीच आशा पुन्हा तराजूत घालणाऱ्या माणसांविषयी मला पहिल्या यशापेक्षाही या दुसऱ्या निकालामुळे अधिक आदर वाटतो. त्याआधी, २०१५ साली, जर्मनीतील तीन विद्यापीठीय रुग्णालयांनी १७५ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकालही असाच लागला होता. तेथे मुख्य लक्ष्य निरिच्छता हे होते, आणि तेथेही खऱ्या व लुटुपुटीच्या उपचारांत फरक दिसला नाही.

लुटुपुटीच्या उपचाराचे एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. आठवड्यातून पाच दिवस एक माणूस घराबाहेर पडतो, वेळेवर पोचतो, कोणी आस्थेने त्याची चौकशी करते, तीच परीक्षा तो वारंवार देतो. एवढ्यानेच तो सुधारू शकतो. ती सुधारणा खोटी नसते. तिचे श्रेय चुंबकाला देणे मात्र खोटे असते. शिवाय वीस-पंचवीस माणसांच्या गटात दोघातिघांचा योगायोगही फरकासारखा भासतो.

मग चुंबकाचा विषय संपला काय? तसे मला वाटत नाही. मेंदू माणसागणिक वेगळा; सर्वांच्या कपाळावर एकाच मापाने मोजलेली जागा प्रत्येकाची योग्य जागा असेलच असे नाही. म्हणून आता प्रत्येकाच्या मेंदूचे चित्र घेऊन जागा ठरविण्याकडे कल आहे. कोणी कपाळ सोडून पाठीमागच्या लहान मेंदूकडे वळले आहेत. बोस्टनमधील संशोधकांनी २०१९ साली लहान मेंदू आणि कपाळामागचा भाग यांच्यातील दुव्याचा निरिच्छतेशी संबंध दाखविला. मंद विजेच्या रीतीचेही असेच आहे. फ्रान्समधील लियाँ येथे २०१२ साली तीस रुग्णांवर केलेल्या चाचणीत दिवसातून दोनदा, पाच दिवस प्रवाह दिल्यावर हट्टी आवाज कमी झाले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतूनही २०१८ साली एका छोट्या चाचणीत अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इतरत्र मात्र प्रत्येक वेळी तसे घडले नाही. आवाजांचीच ही कथा, तर बुद्धीच्या अडचणींवरचे निष्कर्ष याहूनही लहान आणि डळमळीत आहेत. अमेरिकेत चुंबकीय उपचाराला २००८ मध्ये नैराश्यासाठी व २०१८ मध्ये विचारवेडासाठी मान्यता मिळाली. छिन्नमनस्कतेतील बौद्धिक अडचणींसाठी तशी मान्यता अद्याप नाही. नैराश्यावर चालते म्हणून येथेही चालेल असे सांगून कोणी वीस-तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागत असेल, तर घरच्यांनी खिशात हात घालण्यापूर्वी विचार करावा. नऊ व्होल्टची बॅटरी जोडून घरीच यंत्र करणारेही जगात आहेत. त्यांच्या वाटेस तर मुळीच जाऊ नये.

मला खरी खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या उपायाच्या पाठीशी सध्या सर्वांत अधिक पुरावा आहे त्यात झगमगते यंत्र नाही, म्हणून त्याची चर्चाही नाही. तो उपाय म्हणजे बुद्धीचा पद्धतशीर सराव. २०२१ साली १३० चाचण्यांचा, साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. स्मृती, अवधान व योजकता यांचा क्रमाक्रमाने कठीण होत जाणारा सराव, सोबत शिकविणारा माणूस आणि जोडीला प्रत्यक्ष कामाधंद्याचे पुनर्वसन, असे असेल तेथे रुग्णांची बुद्धीच नव्हे तर वागणूकही सुधारते. सुधारणा बेताची, पण खरी. हातचा राहत नसेल तर तो कागदावर उतरवून देणे हाही उपायच होय: खिशातली वही, कपाटावरच्या चिठ्ठ्या, मोबाइलचा गजर. आपल्याकडे असे शिक्षण देणारी माणसे फार थोडी आहेत, आणि आहेत ती मोठ्या शहरांत.

उद्दीपनाची उद्याची वाट या सरावाच्या जवळूनच जाईल असे अनेकांना वाटते. सराव चालू असतानाच मंद प्रवाह द्यावा, म्हणजे चेतण्यास राजी झालेल्या पेशींना काही शिकावयासही मिळेल, अशी कल्पना. तिच्याही चाचण्या चालू आहेत, आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी तशा चाचणीत भाग घेण्याविषयी विचारणा होईल. भाग घेण्यास माझी हरकत नाही. मात्र संमतिपत्राचा कागद पुढे येईल तेव्हा आठवावे, की त्यावरची लांबलचक वाक्ये ज्याला समजावयाची आहेत त्याचा हातचाच राहत नाही. आपल्याला खोटा उपचारही मिळू शकतो, हे त्याला एकेका वाक्यात, सावकाश, दोनदा सांगावे. लिहून द्यावे, घरी नेऊ द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगितल्यावरच सही घ्यावी.